एंजिन नियंत्रणाची तारयोजना, टर्बोभारित मोटारगाडीतील

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दर आवर्तनास किती इंधन सोडावयाचे व ठिणगी नेमकी केव्हा पाडावयाची, हे दोन निर्णय विद्युत् मंडलांच्या द्वारे घेणाऱ्या यंत्रणेस एंजिन नियंत्रण यंत्रणा म्हणतात. संवेदकांकडील माहिती नियंत्रकापर्यंत नेणाऱ्या आणि नियंत्रकाचे आदेश अंतःक्षेपक, प्रज्वलन वेटोळी, इंधनपंप इत्यादींपर्यंत पोहोचविणाऱ्या तारांच्या जुडग्याला तारजाळे किंवा हार्नेस म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘वायरिंग’ असेच नाव आहे. कारखान्यात तयार झालेल्या गाडीत हे जाळे उत्पादकाने एकदाच ठरवून दिलेले असते आणि मालकाचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही. मात्र जो हौशी तंत्रज्ञ घरच्या घरी सांगाडा जोडतो, त्यात दुसऱ्या गाडीचे एंजिन बसवितो आणि वर त्याला टर्बो अतिभारकही लावतो, त्याला या जाळ्याचे काय करावे हे स्वतः ठरवावे लागते. जुनेच जाळे ठेवावे, त्यात मध्येच एखादी पेटी घालावी, की सर्व तारा नव्याने ओढाव्या, असे पर्याय त्याच्यापुढे असतात. वरवर पाहता ही केवळ तारा जोडण्याची बाब आहे. परंतु एंजिनाविषयीचे ज्ञान उत्पादकाच्या ताब्यात असावे की मालकाच्या, हा प्रश्न तिच्यामागे आहे व त्याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलले आहे.

मोजक्या तारांचा काळ : प्रारंभीच्या मोटारगाडीत तारा जवळजवळ नव्हत्याच. रॉबर्ट बॉश यांनी १८९७ मध्ये आपला मॅग्नेटो एका तीनचाकी गाडीच्या एंजिनावर बसविला. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेशी ठिणगी-गुडदी तयार केली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घटमालेवर चालणारी प्रज्वलन पद्धती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आणली. घटमाला, वेटोळे, उघडझाप करणारे स्पर्शक आणि ठिणगी वाटून देणारा वितरक एवढाच तिचा पसारा होता व ती पुढे सुमारे साठ वर्षे प्रचारात राहिली. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडण्याचे काम वितरकातील फिरती वजने करीत आणि भार कमी असताना तेच काम निर्वाताने ओढला जाणारा पडदा करी. इंधनाचे प्रमाण कार्ब्युरेटरमधील छिद्रांच्या मापावर अवलंबून असे [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. ही सर्व साधने डोळ्यांना दिसत, हाताला लागत. एक पाना, एक फीलर गेज आणि बऱ्यापैकी तयार झालेला कान यांच्या जोरावर गाडीचा मालक एंजिन लावू शकत असे. तारा बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने तारयोजनेचे पर्याय असा विषयच उद्भवला नव्हता.

टर्बो अतिभारक व त्याची अडचण : निष्कास वायूंतील वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक टरबाइन फिरवावे आणि त्याच दंडावरील संपीडकाने एंजिनात अधिक हवा दाबून भरावी, या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. तिचा पहिला उपयोग मोठ्या डीझेल एंजिनांत व विमानांत झाला. डीझेल एंजिनात ही कल्पना सहज सामावली, याचे कारण तेथे सिलिंडरात आधी फक्त हवाच दाबली जाते व जादा हवेने काही बिघडत नाही. पेट्रोल एंजिनाचे तसे नसते. त्यात हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच तयार असते आणि दाब व तापमान मर्यादेबाहेर गेल्यास मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेतो. यालाच एंजिन ठोके देते असे म्हणतात. दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमी मिश्रधातूचा असतो तिचा वितळबिंदू ज्वलनाच्या तापमानाच्या मानाने फारच खाली असतो. दट्ट्याच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटून राहतो म्हणूनच तो टिकतो. ठोक्याच्या धक्कालहरी हा थर पुसून टाकतात आणि मग दट्ट्याला भोक पडण्यास काही सेकंद पुरतात.

यावर उपाय तीन आहेत : दाब आवरणे, ठिणगी उशिरा पाडणे आणि मिश्रण दाट करणे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १ भाग इंधनास सुमारे १४·७ भाग हवा लागते. टर्बोभारित एंजिनात पूर्ण भारावर हे प्रमाण साधारणतः ११·५ ते १२·५ वर आणतात. जादा इंधन बाष्प होताना उष्णता शोषून घेते व मिश्रण थंड राहते. हे तिन्ही उपाय प्रत्येक वेगाला व प्रत्येक दाबाला वेगळ्या मात्रेत लागतात. फिरती वजने आणि ठराविक मापाची छिद्रे एवढे बारकावे सांभाळू शकत नाहीत. टर्बोचा इतिहास नियंत्रणाच्या इतिहासाशी येथे जोडला जातो.

विक्रीसाठी काढलेल्या पहिल्या टर्बोभारित प्रवासी मोटारगाड्या १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने आणल्या. शेव्हरोले कॉर्व्हेअर ही त्यांतील एक आणि ओल्ड्समोबील जेटफायर ही दुसरी. जेटफायरचे ३·५ लिटरचे एंजिन २१५ अश्वशक्ती देत असे व त्याचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके चढे होते. ठोका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून एंजिनात सोडावे लागे. ही टाकी भरण्याचे अनेक मालक विसरत. टाकी रिकामी झाल्यास दाब कमी करणारी झडप होती. तरी गाडीची कीर्ती बिघडली ती बिघडलीच व पुढे अनेक गाड्यांतील टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. येथे चूक मालकांची होती असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः नियंत्रणाचा एक आवश्यक भाग कंपनीने मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपविला होता.

सत्तरीच्या दशकात यशस्वी ठरलेल्या टर्बोभारित गाड्यांतही तारांना फारसे स्थान नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) हिच्यात कुगेलफिशर यांचा यांत्रिक अंतःक्षेपण पंप होता. पोर्श ९११ टर्बो (१९७५) आणि साब ९९ टर्बो (१९७७ मध्ये प्रदर्शित) या दोहोंत बॉशची के-जेट्रॉनिक ही मुख्यतः यांत्रिक, अखंड फवारणीची पद्धती होती. घरी टर्बो बसविणाऱ्या हौशी तंत्रज्ञांत कार्ब्युरेटर व के-जेट्रॉनिक यांविषयी बराच काळ जिव्हाळा टिकून राहिला. दिसेल ते दुरुस्त करता येते, हा त्यामागील विश्वास होता.

इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण : विद्युत् चुंबकाने उघडणाऱ्या अंतःक्षेपकाद्वारे इंधन मोजून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ या नावाने केला. १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या काही गाड्यांत तो बसविला गेला. अशा गाड्यांची संख्या पस्तीसच्या आसपासच होती आणि त्यांतील बहुतेकींना पुढे कार्ब्युरेटर लावावे लागले. त्या काळातील विद्युत् घटक एंजिनाजवळची उष्णता, ओल व कंपने सोसू शकले नाहीत. कल्पना बरोबर होती, पण तारा व घटक कच्चे होते. बेंडिक्सची एकस्वे वापरण्याचा अधिकार बॉशला मिळाला आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक पद्धती आली. कॅलिफोर्नियातील धूरविषयक कडक नियम हे तिच्यामागील मुख्य कारण होते. नावातील ‘डी’ हे अक्षर दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. चोषण नळातील दाब मोजून तीवरून हवेचे प्रमाण ठरविणे हे तिचे तत्त्व होते. १९७३-७४ मध्ये आलेल्या एल-जेट्रॉनिकने हवेच्या प्रवाहाने ढकलल्या जाणाऱ्या झडपेच्या साहाय्याने हवाच मोजण्याचा मार्ग धरला.

दाब मोजावा की प्रवाह मोजावा, हा भेद घरी गाडी बांधणाऱ्यास पुढे फार महत्त्वाचा ठरला. झडप एकदा पूर्ण उघडली की तिच्यापुढील वाढीव हवा तिला कळत नाही. मूळच्या बिनटर्बो एंजिनासाठी आखलेली झडप टर्बोने दुप्पट हवा ओढू लागताच मुकी होते आणि नियंत्रक जुन्याच कमाल प्रमाणात इंधन देत राहतो. उलट, दाबाचा संवेदक बदलून अधिक पल्ल्याचा बसविता येतो. आजही घरी बांधलेल्या बहुतेक टर्बोभारित गाड्या दाब, वेग व हवेचे तापमान या तीन संख्यांवरून इंधन ठरवितात, म्हणजे तत्त्वतः १९६७ च्याच वाटेने जातात.

इंधन व ठिणगी ही दोन्ही कामे एकाच अंकीय नियंत्रकाकडे देणारी मोट्रॉनिक पद्धती १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. वेग व भार यांच्या प्रत्येक जोडीसाठी योग्य तो आकडा स्मृतीतील कोष्टकात ठेवलेला असे. फिरत्या वजनांची जागा आकड्यांनी घेतली. त्यामुळे टर्बोला हवा असलेला बारकावा प्रथमच आवाक्यात आला. साब कंपनीने १९८२ च्या गाड्यांपासून ठोका ऐकणारा संवेदक एंजिनाच्या ठोकळ्यावर बसविला व त्याच्या सूचनेवरून टर्बोचा दाब कमीजास्त करण्याची योजना केली. शर्यतीत याची परीक्षा अधिक कठोर झाली. १९८३ मध्ये नेल्सन पिके यांनी ब्रॅबम गाडीतून फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा तिच्यातील बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरी टर्बोभारित एंजिनाचे नियंत्रण बॉशच्या अंकीय यंत्रणेकडे होते.

बंदिस्त स्मृती : या प्रगतीची किंमत मालकाने मोजली. कार्ब्युरेटरचे छिद्र बदलता येत असे. स्मृतीतील आकडा वाचणेही सामान्य माणसाला शक्य नव्हते. ऐंशीच्या दशकातील नियंत्रकांत स्मृतीची चकती वेगळी काढता येई, म्हणून काही जाणकारांनी ती जंबुपार किरणांनी पुसून नव्याने लिहिण्याचे तंत्र शिकून घेतले. कॅलिफोर्नियात १९८८ च्या व पुढे सर्व अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून गाडीतच दोष ओळखण्याची व्यवस्था सक्तीची झाली. तिच्यामुळे निदान सोपे झाले, पण संवेदक किंवा तार काढल्यास यंत्रणा ताबडतोब तक्रार करू लागली. नव्वदीच्या दशकात युरोपात चोरी-रोधक कुलूप सक्तीचे झाले व किल्लीतील खूण पटल्याखेरीज नियंत्रक एंजिन चालू करीनासा झाला. भंगारातून एंजिन व नियंत्रक आणणाऱ्यास आता किल्ली, तिचा वाचक व कधीकधी संपूर्ण दर्शकफलकही आणावा लागे.

स्मृतीत काय लिहिले आहे हे बाहेरच्या कोणास न कळणे सर्वस्वी सुरक्षित असते, हा समजही फार काळ टिकला नाही. फोक्सवॅगनच्या डीझेल गाड्या चाचणीच्या वेळी वेगळ्या व रस्त्यावर वेगळ्या वागतात, हे २०१५ मध्ये जगजाहीर झाले. ती लबाडी याच बंदिस्त स्मृतीत दडविलेली होती. त्याच वर्षी अमेरिकेत स्वामित्व हक्काच्या कायद्याखाली एक सवलत देण्यात आली. तिच्यानुसार आपल्या मालकीच्या गाडीतील आज्ञावली दुरुस्तीसाठी वा कायदेशीर फेरबदलासाठी उघडणे हा गुन्हा राहिला नाही. धूरविषयक नियम मात्र जागच्या जागी राहिले.

घरी बांधलेली गाडी : स्वतः गाडी बांधण्याची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष जोमाने वाढली. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन (१९५७) सुट्या भागांच्या रूपात विकली जाई व तशी घेतल्यास खरेदीकर वाचत असे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर हा लाभ संपला, पण हौस संपली नाही. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये अडीचशे पौंडांत क्रीडागाडी बांधण्याची कृती सांगणारे पुस्तक लिहिले आणि चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा घरोघरीच्या शेडमध्ये जोडला जाऊ लागला. १९९८ पासून अशा प्रत्येक गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी होऊ लागली. सांगाडा, निलंबन, गतिरोधक यांवर तेथे भरपूर लिखाण झाले. एंजिनाच्या तारांविषयी मात्र प्रारंभी फारसे कोणी बोलत नसे, कारण तोवर बहुतेकांची एंजिने कार्ब्युरेटरची होती. अंतःक्षेपणाची एंजिने भंगारात स्वस्त मिळू लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला.

उदाहरणादाखल १९८९ पासून विकल्या गेलेल्या माझ्दा एमएक्स-५ या गाडीचे १·६ लिटरी एंजिन घेता येईल. ते मजबूत असल्याने घरी टर्बो लावण्यास लोकप्रिय झाले. त्याची मूळ यंत्रणा हवा मोजणाऱ्या झडपेवर चालते व त्यात वितरक नसून दोन-दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देणारी वेटोळी असतात. मूळ तारजाळे जसेच्या तसे वापरल्यास कष्ट व धोका दोन्ही कमी. त्यातील दिवे, काचा, वातानुकूलन यांच्या तारा तेवढ्या सोडवून काढाव्या लागतात. एक-एक तार आकृतीवरून ओळखून, तिला चिठ्ठी बांधून जाळे हलके करण्याचे हे काम अनेक संध्याकाळी खाते, पण त्याने बांधणाऱ्याला गाडी कळते. बिनटर्बो एंजिनासाठी हा पर्याय निर्विवाद उत्तम होय. टर्बो लावताच वर सांगितलेली झडपेची मर्यादा आड येते.

यावर पूर्वी निघालेला उपाय म्हणजे मूळ नियंत्रक न बदलता त्याला फसविणे. संवेदक व नियंत्रक यांच्यामधील तार कापून तेथे एक छोटी पेटी बसवितात. ती विद्युत् दाब कमीजास्त करून नियंत्रकाला खोटी माहिती देते. मोठे अंतःक्षेपक बसवून हवेचा संकेत कमी करून दाखविला, की इंधनाचा हिशेब जुळतो. पण त्याच संकेतावरून नियंत्रक ठिणगीचा क्षणही ठरवीत असतो. हवा कमी म्हणजे भार कमी, असे समजून तो ठिणगी लवकर पाडतो. आणि टर्बोच्या दाबाखाली ठिणगी लवकर पडणे हेच दट्ट्याच्या नाशाचे निमित्त असते. शिवाय निष्कासातील प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकाच्या आधारे मूळ नियंत्रक आपली चूक हळूहळू सुधारीत असतो. पेटीने केलेला बदल त्याला चूक वाटतो व तो ती निष्ठेने पुसून टाकतो. कमी दाबाच्या टर्बोला हा उपाय कसाबसा चालला. स्वस्त व झटपट म्हणून तो खूप विकला गेला, पण एकाच एंजिनाचे दोन स्वामी असणे मुळात सदोष होय.

स्वतंत्र नियंत्रक : ऑस्ट्रेलियात हॅलटेक (१९८६) व मोटेक (१९८७) या संस्थांनी वापरणाऱ्याला आकडे स्वतः भरता येतील असे नियंत्रक बाजारात आणले. ते शर्यतवाल्यांसाठी होते व सामान्य हौशी माणसाला महाग पडत. ही कोंडी अमेरिकेतील ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो यांनी २००१ च्या सुमारास फोडली. त्यांच्या ‘मेगास्क्वर्ट’ या नियंत्रकाचे सुटे भाग विकत घेऊन मालकाने ते स्वतः डाखलावयाचे असत. मंडलाची आकृती व आज्ञावली सर्वांस पाहण्यास खुली होती. पहिल्या आवृत्तीत इंधनाचे कोष्टक ८ × ८ म्हणजे अवघ्या ६४ घरांचे होते व ती केवळ इंधन सांभाळी; ठिणगी जुन्या वितरकाकडेच राही. दाबाचा संवेदक पेटीतच बसविलेला होता व तो २५० किलोपास्कालपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे अडीच पट दाबापर्यंत मोजू शके. टर्बो लावणाऱ्यांना हा योगायोगाने मिळालेला मोठाच लाभ होता. ठिणगीचे नियंत्रण पुढे वापरणाऱ्यांनीच आज्ञावलीत भर घालून आणले. त्यासाठी भंगारातील फोर्ड गाड्यांचे वितरकविरहित प्रज्वलन संच व ३६ पैकी एक दात गाळलेले चाक सर्रास वापरले गेले. नंतरच्या काळात आर्डुइनो या स्वस्त सूक्ष्मनियंत्रक पट्टावर आधारलेला ‘स्पीड्विनो’ हा खुला प्रकल्पही ऑस्ट्रेलियातून पुढे आला.

स्वतंत्र नियंत्रक मूळ तारजाळ्यालाच जोडणीच्या तुकड्याने लावता येतो किंवा सर्व तारा नव्याने ओढता येतात. मूळ जाळे वीस-तीस वर्षे उष्णता खाऊन कडक झालेले असेल, तर दुसरा मार्ग श्रेयस्कर. याच ठिकाणी प्रत्येक अंतःक्षेपकाला स्वतंत्र तार द्यावी की दोन गटांत बांधावे, असाही वाद घातला जातो. स्वतंत्र तारेने मंद गतीला एंजिन नितळ चालते व धूर कमी होतो. त्यासाठी कॅम दंडावर जादा संवेदक लागतो. पूर्ण भारावर अंतःक्षेपक बहुतेक सर्व वेळ उघडेच असल्याने तेथे दोन्ही पद्धतींत फरक उरत नाही. पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्याने गटांची सोपी योजना घेण्यात कमीपणा मानू नये.

तारांची जाडी, भूसंपर्क व दिशा : नियंत्रकाच्या निवडीवर जितकी चर्चा होते तितकी तारांवर होत नाही. वस्तुतः घरी बांधलेल्या टर्बोभारित एंजिनांचा घात अनेकदा तारांनीच होतो. इंधनपंपाची तार हे याचे ठळक उदाहरण होय. अंतःक्षेपकातील इंधनाचा दाब चोषण नळातील दाबाहून सुमारे ३ बारने अधिक ठेवतात. टर्बोने नळात १ बार जादा दाब निर्माण केला, की पंपाला ४ बारविरुद्ध इंधन ढकलावे लागते आणि तेही नेमके सर्वाधिक इंधन लागते त्या क्षणी. पंप १२ अँपिअर घेत असेल आणि घटमालेपासून मागच्या टाकीपर्यंत जाऊन-येऊन ८ मीटर तार असेल, तर ०·७५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेत सुमारे २·२ व्होल्ट वाया जातात; २·५ चौ. मिमी. तारेत ०·७ व्होल्टच्या आत भागते. बारीक तारेमुळे पंप मंदावतो, मिश्रण पातळ होते आणि हे केवळ पूर्ण दाबाखालीच घडते. घरासमोर एंजिन उभ्या-उभ्या चालवून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून पंपाला घटमालेपासून वेगळी जाड तार, तिच्या मुळाशीच फ्यूज आणि एंजिन फिरत असल्याचा संकेत असेपर्यंतच पंप चालू ठेवणारा रिले द्यावा लागतो. अपघातात एंजिन थांबले, की पंपही थांबला पाहिजे.

भूसंपर्काची, म्हणजे रोजच्या भाषेतील अर्थिंगची, चूक याहून फसवी असते. संवेदकांचे संदर्भ ५ व्होल्टच्या मोजपट्टीवर वाचले जातात. हवेच्या तापमानाच्या संवेदकाची परतीची तार नियंत्रकाकडे न नेता गाडीच्या पत्र्याला जोडली व त्याच पत्र्यातून पंप, पंखे यांचा मोठा प्रवाह वाहत असला, तर त्या ठिकाणचा दाब किंचित वर चढतो. नियंत्रकाला हवा आहे त्याहून थंड वाटते. मग तप्त हवेसाठी ठिणगी जितकी उशिरा पाडावयास हवी तितकी तो पाडीत नाही. यासाठी संवेदकांच्या परतीच्या तारा एकत्र करून नियंत्रकाकडेच नेतात आणि अंतःक्षेपक व वेटोळी यांचा जड प्रवाह वेगळ्या तारांनी एंजिनाच्या ठोकळ्यावर उतरवितात.

भुजादंडाचा वेग मोजणाऱ्या चुंबकीय संवेदकाच्या दोन तारांची अदलाबदल हा तिसरा नेहमीचा प्रमाद. एंजिन चालू होते, मंद गतीला टायमिंग लाइटने पाहिल्यास खूण जवळपास बरोबर दिसते, पण वेग वाढेल तशी ती सरकत जाते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला भुजादंड एका सहस्रांश सेकंदात ३६ अंश फिरतो. अशा वेळी संकेत ओळखण्यात सूक्ष्म घोटाळा झाला तरी काही अंशांची चूक होते व टर्बोच्या दाबाखाली तेवढी पुरते. याच संवेदकाच्या तारा एकमेकींभोवती पिळून, वर जाळीचे कवच घालून, ते कवच एकाच टोकाला जोडतात. प्रज्वलन वेटोळ्यांच्या तारांपासून त्या दूर ठेवतात. जोडणी डाखलावी की चिमटीने दाबावी, यावर जुने व नवे कारागीर आजही भांडतात. डाखलेल्या जागेपुढे तार ताठ होते व कंपनाने तेथेच तुटते, हा दाबून जोडणाऱ्यांचा युक्तिवाद सबळ आहे. मात्र योग्य चिमटा नसताना पकडीने दाबलेली टोके दोहोंपेक्षाही वाईट.

सामायिक वाहिनी : बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली ‘कॅन’ ही पद्धती १९९१ च्या मर्सिडीझ एस मालिकेपासून प्रवासी गाड्यांत आली. पिळलेल्या दोनच तारांवरून अनेक नियंत्रक एकमेकांशी बोलतात, त्यामुळे तारांचे वजन कमी झाले. पण सुकाणू, गतिरोधक, दर्शकफलक यांना एंजिनाच्या नियंत्रकाकडून ठराविक संदेश मिळेनासे झाले, की ते काम सोडून देतात. म्हणून अलीकडील एंजिन घेणाऱ्यास स्वतंत्र नियंत्रकाकडून ते संदेश हुबेहूब पाठवून घ्यावे लागतात.

भारतातील स्थिती : भारतात २००० च्या सुमारास धूरविषयक नियम कडक झाल्यावर कार्ब्युरेटरच्या मोटारगाड्या मागे पडल्या व नियंत्रकाला ‘ईसीएम’ हे नाव गॅरेजमध्ये रूढ झाले. घरी बांधलेल्या गाडीला येथे रस्त्यावर वाव फारसा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन उचलून धरले. त्यामुळे ही विद्या मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत वाढली. कोइमतूर येथील कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत यासारख्या स्पर्धांसाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे संघही एकआसनी गाड्या बांधतात. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारे केटीएमचे एक-सिलिंडरी एंजिन व आकडे भरता येणारा नियंत्रक ही जोडी त्यांच्यात परिचयाची आहे. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल एंजिनाला लागणारी सर्व हवा २० मिमी. व्यासाच्या एकाच छिद्रातून ओढावी लागते व त्यातून सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमपेक्षा अधिक हवा जाऊच शकत नाही. टर्बो लावला तरी ही कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. मधल्या वेगांना ओढ वाढविण्यापुरताच त्याचा उपयोग होतो आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी विद्यार्थ्यांना कोष्टकातील घर न् घर स्वतः भरावे लागते.